रंग सुटलाय

...बसा हो किशनअण्णा, थांबा, माग बंद करतो, काय ऐकू येत न्हाय. हां. भाग्याची पातळं न्यायला आलाय नव्हं? न्या की, ट्रंक तिथंच हाय. नवऱ्याच्या पोटाला पिशवी लागली म्हणून म्हायेरला पळाली तुमची भन — असंच सांगितलं असंल? न्हाय? काय बोललीच न्हाय? बोलायची न्हाय ती.

ही बघा. बघा की, तोंड का फिरवताय? ह्यात हागतो मी, अण्णा. आतड्याचा क्यान्सर. वीतभर आतडं कापून टाकलं आन टोक पोटावर काढलं डाक्टरनी. आतलं भरून आलं की परत सांधतो म्हणाले — सांधायचं मला सांगतोय व्हय? सव्वीस वर्सं तुटलेली तार सांधतोय मी ह्या वडगावात! लवकर आला असता तर पिशवीबी लागली नसती म्हणाले. तितंच डोकं फिरलं माझं.

वर्सभर लुंगीला तांबडं लागायचं. मागावर लाल सूत — रंग सुटलाय म्हणलो. बोटं लाल, लुंगी लाल, कुणाला काय कळतंय? तिला कळलं. लुंगी नाकापुढं धरली माझ्या. रंग वाळला तरी तांबडाच ऱ्हातोय, ह्यो काळा पडतोय, रगत हाय म्हणाली. मी काय केलं? हातात मागाचा धोटा हुता, लाकडी, टोकाला लोखंड. रंग हाय म्हणलो ना एकदा! घातला. एकदाच. बरं, दोनदा. मग गप झाली. वर्सभर गप धुतली लुंगी.

आन दवाखान्यातनं आल्यावर तिलाच इचारलं, तवा का बोलली न्हाईस? पिशवी बदलत हुती. नुसती बघितली माझ्याकडं. ते बघणं सोसलं न्हाय, अण्णा. लई राग आला. धोटा उशाजवळच हुता.

सोमवारी आपरेशन हाय, सांधायचं. सहीला घरचं माणूस लागतंय. मला दुसरं कोण हाय? भ्या वाटतंय मला — एवढं सांगा तिला. येईल ती. येईल नव्हं?

ते हिरवं पातळ नगं उलगडू. नगं म्हणलो ना! खांद्यावरचा डाग? ते — रंग हाय तो. लाल सुताचा. काळा पडला म्हणून काय झालं? रंग हाय म्हणतोय ना मी! ठेवा खाली. ठेव खाली, किशन! माझ्या हातात काय हाय दिसतंय नव्हं?

जावा. जावा आता. माग चालू करायचाय.