पश्चिमेची खोली

हॅलो? … कोण, कौसल्या? बोल, येतंय ऐकू. … हातोडा आहे तो. माळ्यावर मिस्त्री आहे. … आज एकोणिसावा दिवस. घर सोडून जायचं कुठं? माळ्यावरची ज्वारीची पोती खाली आली, ती माझ्या पलंगाभोवती रचलीत. सासूबाई वरणावर ताट झाकतात, तरी सिमेंट चवीला लागतंच.

दोन. दोन खोल्या निघतात. एक आमची, एक बेबीनंदाची. … हो, धाकट्या जाऊबाईंची. तिच्या लग्नाला दीड वर्ष. मी अकरा वर्षं बैठकीत, पडद्यामागे झोपते. तक्रार नाही, माहिती म्हणून सांगते.

अगं ऐक ना. वर पत्रे, त्यात दुपारचं ऊन, म्हणून पश्चिमेची खोली जास्त तापते. हे मी नुसतं म्हणाले नाही. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतून थर्मामीटर आणलं. रोज दुपारी तीनला, सलग सात दिवस. पश्चिम एकेचाळीस, पूर्व अडतीस. तक्ता करून सासऱ्यांपुढे ठेवला. … तेच ना. थोरली म्हणून हट्ट धरला, असं कुणी म्हणायला नको.

हो, हो… वाचला की. चष्मा लावून, दोनदा. म्हणाले, "दुर्गाबाई, बराबर मोजलं तुम्ही. मंग गार खोली नंदाला देऊ. तिला दिवस गेलेत."

… नव्हतं माहीत. मला तिथं, तक्ता हातात असताना कळलं. … आनंदच झाला. … झाला म्हणतेय ना. माझ्या वेळी नववा महिना त्याच पडद्यामागे काढला मी, तेव्हा कुणी तापमान विचारलं नव्हतं.

मत्सर? शब्द जपून वापर, कौसल्या. … तिला मळमळलं की सासूबाई आवळासुपारी घेऊन धावतात. मी नोंद घेते, इतकंच.

पुढचं ऐक. माझ्या पगारातून थर्माकोल आणलं, पत्र्याखाली लावायला. एका खोलीपुरतंच. मिस्त्री म्हणाला, "बाई, कोणत्या खोलीला लावू?" … माझ्या. पश्चिमेच्या. … मी तिची खोली तापवली नाही, माझी गार केली. … काल मोजलं. छत्तीस. … हो, तिच्यापेक्षा दोन अंशांनी कमी. चूक नको म्हणून दोनदा मोजलं. … नाही, घरात कुणाला बोलले नाही. विचारलंय कुणी?

थांब जरा, सासरे जिन्यातून हाक मारतायत. … काय, मामा? … हो, लागलं थर्माकोल कालच. … नंदाला? पश्चिमेला? … आता ती गार झाली असली तर, म्हणता? … अं… नाही, मामा. पूर्वेचीच गार आहे अजून. … मोजलं ना मी. बरोबर तीनला. … दोन अंशांचा फरक आहे. … हो, राहू द्या तिला तिथंच.

… आहे, आहे मी. … ऐकलंस ना, मग परत कशाला विचारतेस? … काय खोटं बोलले? दोन अंशांचा फरक आहेच. … हो. खोली तेवढी बदलली.

… हॅलो? … कौसल्या, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, जूनमध्ये दोन्ही खोल्या सारख्याच… हॅलो?