ढोलकीवाल्याचे दोन शब्द

...अहो, पण मी ढोलकी वाजवतो! किती वेळा सांगायचं माणसानं? हलवायाला कुणी विचारतं का, की भैया, जिलबी झकास झाली, आता जरा परराष्ट्र धोरणावर बोल? नाही ना विचारत? पण माझी थाप पडली रे पडली, की सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागतात... हातांकडे बघा ना!

तुम्हाला सांगतो, मी लखनौच्या तारघरात कामाला. जिथं शब्दाशब्दाला पैसे पडतात तिथं जन्म गेलेला, बोलायची सवय लागणार कुठून? आमची इथं थोडी मराठी घरं, सगळी बौद्ध मंडळी, सरकारी नोकरीपायी एवढ्या लांब आलेली. जयंतीला आणि धम्मचक्र दिनाला कॉलनीत मांडव पडतो, गाणी होतात, साथीला मी. पोरं एरवी "हाँ पापा, अच्छा पापा" करणारी, पण ढोलकी घुमली की मराठी गाणी घडाघडा म्हणतात! एवढं एक काम मला येतं. चांगलं येतं.

मग आलं अठ्ठ्याहत्तर साल. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाड्यात आपल्या लोकांची घरं जाळली, त्यात नांदेडकडं माझ्या धाकट्या भावाचं, दिनकरचं घर गेलं. माणसं वाचली, बाकी राख. पुढं दोन महिन्यांनी धम्मचक्र दिन. बायको म्हणाली, "या वेळी नका जाऊ, तुम्हाला सोसायचं नाही." गेलो. आणि वाजवलं! काय वाजवलं ते मलाच ठाऊक नाही... गाणारे थांबले तरी मी थांबेना, बायका तोंडाला पदर लावून रडताहेत, चौकातला चिकनकामाचे कुर्ते विकणारा दुकानदार पाहुणा म्हणून आलेला, तो कप हातात धरून तसाच उभा, माझ्या बोटांतून रक्त! शेवटची थाप पडली... आणि आमचे अध्यक्ष बाबूराव, हिशेबखात्यातले, माईक घेऊन माझ्यापुढं! "वा ईश्वरराव! आता या विषयावर आपली भूमिका दोन शब्दांत मांडा."

अहो, मग इतका वेळ मी काय करत होतो?

त्यात पहिल्या रांगेत हजरतगंजहून आलेला हिंदी पेपरवाला, पेन उघडून तयार. "भाईसाहब, शोषित समाज के कलाकार के नाते आपका क्या संदेश है?" अरे यार, मी ढोलकी वाजवतो! माईकपुढं उभा राहिलो, दिनकरचं घर डोळ्यांपुढं जळतंय, सगळे टक लावून बघताहेत... आणि तोंडातून काय निघावं? "चहा तयार आहे. सगळ्यांनी घेऊन जावा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबूराव दारात. "समाजाचं हसं केलंत ईश्वरराव! काय छापणार तो? चहा?"

"बाबूराव, मी ढोलकी वाजवतो हो."

"तेच तर! नुसतं वाजवून कसं भागेल? कुणी प्रश्न विचारला तर उत्तर देणारा माणूस पाहिजे ढोलकीवर!"

मला वाटलं, रागात बोलले, विसरतील. एप्रिलात जयंती आली, चौकात जाऊन ढोलकीवर कातड्याचं नवं पान चढवून आणलं, इस्त्रीचा सदरा घालून मांडवात गेलो, तर माझ्या जागेवर शरद बसलेला! बँकेच्या युनियनचा पुढारी, मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्हींत धो धो बोलतो. ढोलकी मात्र उलटी मांडीवर घेतलेली!

वाईट वाटलं का? विचारता काय? भावाचं घर जळलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, त्या मांडवात शेवटच्या खुर्चीवर बसून रडलो. आमच्या गाणाऱ्या कमलाबाई एकीकडं चाललेल्या, शरद बडवत दुसरीकडं, दोघांची गाठ पडली ती थेट गाणं संपल्यावर. पोरं तर गाईचनात, मांडवाबाहेर जाऊन खेळायला लागली. मग माईक आला... आणि शरद बोलला! अत्याचार बोलला, इतिहास बोलला, माझ्या दिनकरचं घर तर असं बोलला, की जणू हाच विझवायला गेला होता. टाळ्याच टाळ्या! पेपरवाला लिहून लिहून घामाघूम.

बाबूराव येऊन माझ्या शेजारी टेकले. म्हणाले, "बघितलंत? वाजवायचं काय, येईल हळूहळू. भूमिका पक्की आहे पोराची."

मी काय बोलणार हो? मी ढोलकी वाजवायचो.