दोरीवाल्याचा हात सुटला नव्हता

अध्यक्ष झालेले आमचे मोठे साहेब, त्यांच्या शेजारच्या पाहुण्या बाई, आज ज्यांच्या निरोपासाठी हा हॉल भरलाय ते आमचे मिस्त्री, त्यांच्या घरची मंडळी, आणि समोर बसलेले मशीनवाले, दोरीवाले, ट्रकवाले, फांद्या ओढणाऱ्या माझ्या बाया, सगळ्यांना नमस्कार.

पुतणीनं मला दोन पानं लिहून दिली होती. त्यात मिस्त्रींना 'वटवृक्ष' म्हटलंय. सव्वीस वर्षं झाडं पाडणाऱ्या माणसाला वटवृक्ष म्हणायचं? ती पानं पिशवीतच राहू देत. मी चौथी शिकलेली बाई, मला जे येतं तेच बोलते.

मिस्त्रींनी आम्हाला चेनसॉ शिकवली. मशीन जमिनीवर टेकवायची, पायानं दाबायची, मगच सुरू करायची. एक शहाणा ती मांडीवर धरून सुरू करत होता. मिस्त्री म्हणाले, "घरी बायकोनं दुसरा पाय आणून ठेवलाय का रे?" हसताय काय? तो समोरच बसलाय, दोन्ही पायांनिशी.

झाडाला हात लावण्याआधी ते भोवती फिरायचे, वर बघायचे, आणि पळायची वाट ठरवायचे. झाड पडणार त्याच्या उलट बाजूला, तिरकी. ती वाट साफ करायचं काम माझं. मग लांब बाजूला उभं राहून शेंड्यावर नजर ठेवायची, तेही माझंच. मशीनवाल्याच्या कानावर झाकणं असतात, म्हणून त्याचे डोळे मी.

साहेब, तुम्ही घड्याळ बघू नका. मिस्त्रींच्या पायाची गोष्ट सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

नऊ वर्षं झाली. दवाखान्याच्या आवारातलं वाळकं झाड, भिंतीकडे कललेलं. पाडायचं होतं उलट, मोकळ्या जागेत. म्हणून वर दोरी बांधली. पुढे, झाडाच्या टप्प्याबाहेर, खुंटाला वेढा देऊन ती माझ्या धाकट्या दिरानं ताणून धरली होती. मिस्त्रींनी पुढून खाच पाडली, मागून कापायला घेतलं. कापात ठोकायच्या पाचरी ट्रकमध्ये, आणि ट्रक डिझेल भरायला गेलेला. मी म्हणाले, थांबू या. मिस्त्री म्हणाले, "दोरी आहे ना, बाई. दहा मिनिटांचं काम." म्हणालात ना, मिस्त्री? मान हलवा. हं.

वारा आला. झाड मागं बसलं आणि मशीनचं पातं कापात चिमटलं. अशा वेळी काय करायचं, कोण सांगेल? मशीन बंद करायची, तिथंच टाकायची, निघायचं. हे आम्हाला शिकवणारा माणूस मशीन ओढत बसला! वर शेंडा हलला. बुंध्यातून कुरकुर आली. मी छाती फुटेल अशी ओरडले, "सोड! सोड!"

म्हणजे मशीन सोड. मिस्त्रींना एरवी मी अहो-जाहो करते, पण तेव्हा कुठली रीतभात? त्यांच्या कानावर झाकणं, त्यांना काही ऐकू गेलं नाही. गेलं कुणाला? माझ्या दिराला. अकरा वर्षं मी त्याला 'सोड' म्हटलं की त्यानं दोरी ढिली केलेली. त्यानं केली.

झाड भिंतीकडे आलं, पळायची वाट होती त्याच बाजूला. मिस्त्रींनी वर बघितलं, मशीन टाकली आणि वाटेला लागले. चार पावलं गेले. पाचव्याला फांदीनं पाय धरला. पुढचं तुम्ही रोज बघता.

दवाखान्याच्या बाकावर मी दिराला म्हटलं, "भाऊजी, हाक माझी होती." तो म्हणाला, "वहिनी, गप्प बसा. तुम्ही हंगामी, तुम्हाला उद्याच काढतील. मी कायम आहे, मला फार तर ओरडतील." चौकशीला त्यानं सांगितलं, "हात सुटला." तसंच फाइलमध्ये लिहिलं गेलं.

ओरडले नाहीत. त्याला रोपवाटिकेत कुंड्यांना पाणी घालायला बसवलं. तुम्ही त्याचं नाव 'हातसुट्या' ठेवलंत. मिस्त्रींनी नऊ वर्षं त्याच्या हातचा चहा घेतला नाही. आणि मी? मी कायम झाले. हट्टानं हाका बदलून घेतल्या: दोरीला 'ढील', मशीनवाल्याला 'पळ'. सगळे म्हणाले, बाईला खूळ लागलंय. खूळ नव्हतं, भीती होती.

सोमवारी साहेब मिस्त्रींच्या जागी माणूस नेमणार. यादीत दिराचं नाव सगळ्यात वर होतं. फाइलमधल्या त्या ओळीनं ते खाली आलंय. म्हणून आज बोलले. सोमवारनंतर बोलून काय उपयोग?

भाऊजी, दाराकडे कुठं निघालात? बसा खाली. माझं ऐकून एकदा वाटोळं झालंय, आणखी एकदा ऐका.

मिस्त्री, काय म्हणालात? मोठ्यानं बोला, माइक घ्या. "आधी का नाही सांगितलंस?" नोकरी जाईल म्हणून. दुसरं कारण नाही. असतं तर सांगितलं असतं. तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलंत तरी चालेल, त्याच्याशी बोला. आणि पाचरी तुम्ही ट्रकमध्ये ठेवल्या होत्यात, हेही साहेबांना सांगा. रागावून बघू नका, खरंय ते.

साहेब, पेन आहे ना खिशाला? 'हात सुटला' खोडा. 'हाक चुकली' लिहा. हाक देणारीचं नाव विचारायची गरज नाही, ती समोर उभी आहे. काय करायचं ते माझं करा.

मला बोलायला दिलंत, ऐकून घेतलंत, सगळ्यांची आभारी आहे. बोलणं आडदांड झालं असेल, वेळ जास्त घेतला असेल, कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, तर तेवढं पोटात घाला. बाकीचं घालू नका. ते फाइलला लावा.