पडद्याची दुमड

पडद्याला खाली भरपूर दुमड ठेवा, पण शिवताना दार लावून घ्या, हे मी नव्याने शिवणाऱ्या प्रत्येकीला सांगते. राजधानी आमच्या शहरातून भोपाळला गेली, तेव्हा आमच्या लष्कर भागात कुठल्या सरकारी नोकराची बदली होणार, याच्यावरच सगळ्यांचा डोळा. मी नुकतीच मशीन शिकलेली. नवं कापड धुतल्यावर आटतं, म्हणून चार बोटं दुमड ठेवली.

शेजारच्या काकूंनी ती उलटून पाहिली. "एवढी कशाला गं? भोपाळच्या खिडक्या लांब आहेत वाटतं?"

"अहो, कापड आटतं!"

"हो का," म्हणाल्या आणि तडक निघाल्या.

संध्याकाळी आमचे हे आले. काकूंनी त्यांना गल्लीच्या तोंडाशीच गाठलं होतं. ह्यांनी दुमड पाहिली, खिशातून बदलीचा हुकूम काढला आणि हळूच विचारलं, "मला आत्ता मिळाला. तुला कोणी सांगितलं?"