साराबाई मीटिंग चेअर करणार

(केडगाव, २००३. चर्चमागचा हॉल. टेम्पोतून खुर्च्या उतरवून झाल्यात. सारा त्या पुसते आहे. तिचा दीर शमुवेल कोट घालून शेजारी उभा आहे.)

सारा : ह्या खुर्चीचा पाय हालतोय, भावजी. मंडपवाल्यानं मोडकी गळ्यात मारली आपल्या.

शमुवेल : ती मागं ठेवा, वहिनी. क्लासला मशिनी देणाऱ्या मॅडम पुण्याहून येतायत. इज्जतीचा प्रश्न आहे.

सारा : मागं माझ्या शिवणाच्या बायका बसणार. त्या पडल्या तर इज्जत जात न्हाई व्हय? आन् काय वो, क्लास मी चालवते म्हणून खुर्च्याबी मीच आणायच्या?

शमुवेल : मॅडमनी फोनवर तसंच सांगितलं. मी स्वतः घेतला फोन. अगदी शुद्ध इंग्रजीत बोलल्या.

ब्लेसी : काकू! अगं, हे काय? साडी बदलली नाहीस अजून? केवढी धूळ अंगावर!

सारा : आलीस व्हय ब्लेसी? तुझ्या बापाला इचार. पार चौफुल्यापर्यंत हिंडून आले टेम्पोसाठी.

ब्लेसी : पप्पा, मॅडम नेमकं काय म्हणाल्या?

शमुवेल : ‘साराबाई विल चेअर द मीटिंग.’ साराबाई मीटिंगच्या खुर्च्यांचं बघतील. त्यात न समजण्यासारखं काय आहे?

ब्लेसी : अरे देवा! पप्पा, मीटिंग चेअर करणं म्हणजे अध्यक्ष होणं!

शमुवेल : छे! चेअर म्हणजे खुर्ची. खुर्ची हे नाम. नामाचं क्रियापद होत नाही.

ब्लेसी : इंग्रजीत होतं. ‘हँड मी द कप’ म्हणजे काय?

शमुवेल : माझ्या कपाला हात लाव.

ब्लेसी : कप माझ्या हातात दे! बरं, ‘वॉटर द रोझेस’?

शमुवेल : गुलाबपाणी.

ब्लेसी : गुलाबांना पाणी घाला, पप्पा!

शमुवेल : असं कसं? आपल्यात हाताचं हाताळणं होतं, लाथेचं लाथाडणं. शब्दाला शेपूट लावल्याबिगर तो कामाला लागतो व्हय?

ब्लेसी : त्यांच्यात बिनशेपटीचाच लागतो.

सारा : थांबा, थांबा. म्हंजी आज मला... खुर्चावायचंय?

ब्लेसी : हो काकू! आजच्या सभेची अध्यक्ष तू!

सारा : अगं बया! मग हे कोट घालून कशाला आलेत?

ब्लेसी : पप्पा?

शमुवेल : आता... फोन मला आला. चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी मी. मॅडम अध्यक्षाचं काय बोलल्याच न्हाईत, तवा मला वाटलं, मीच असणार. भाषणबी पाठ केलंय.

ब्लेसी : सकाळपासून मोरीत चाललं होतं तेच ना? त्यात काकूचं नाव कुठंय?

शमुवेल : आभारात हाय.

ब्लेसी : कसल्या?

शमुवेल : खुर्च्यांच्या.

सारा : जाऊ दे गं. मला न्हाई जमायचं. चार माणसांत बोलायला उभी राह्यले की जीभ टाळ्याला चिकटती माझी. भावजी, तुम्हीच व्हा अध्यक्ष.

शमुवेल : बघ ब्लेसी. त्या स्वतःच म्हणतायत.

ब्लेसी : पप्पा, क्लास दौंडला हलवायचा का, ते मॅडम आज ठरवणार आहेत. तो केडगावातच का ठेवायचा, असं विचारलं तर काय सांगाल?

शमुवेल : सांगीन की. केडगावला रेल्वे स्टेशन हाय...

सारा : आन् दौंडला न्हाई व्हय? तिथं तर जंक्शन हाय! असलं बोललात तर उद्याच मशिनी उचलून नेतील त्या. अवो, ती ताईबाई सासूला जेवू घालून, भांडी घासून पळत येती. दौंडला जाते म्हणली तर कोण सोडंल तिला? गीताबाईचा पाय लहानपणीच गेला. काठी टेकत येती. त्या गर्दीच्या गाडीत कशी चढंल ती? दौंडच्या पोरींना गावात धा ठिकाणी शिकता येतं. ह्यांना घराबाहेर पडायला ही एवढीच जागा हाय. तीबी न्यायची?

ब्लेसी : काकू...

सारा : काय?

ब्लेसी : जीभ कुठं चिकटली?

सारा : आता ते रागात बोलले गं.

शमुवेल : मग रागातच बोला, वहिनी. मला तर ह्यातलं काय ठावंच नव्हतं.

सारा : तुम्ही कवा क्लासात पाऊल टाकलंय, म्हणून ठावं असंल? पण इंग्रजीत काय इचारलं तर?

शमुवेल : मी बसतो की शेजारी, अर्थ सांगायला.

ब्लेसी : नको! मी बसते.

सारा : गाडी वाजली का गं?

ब्लेसी : आल्या वाटतं मॅडम. थांब, पदर झटकते तुझा.

सारा : सोड आता. दारात जाऊन हात जोडते आधी.

शमुवेल : तुम्ही नका जाऊ, वहिनी. अध्यक्षानं आत थांबायचं असतं. दारात स्वागताला दुसरं कुणीतरी जातं.

सारा : दुसरं कोण?

शमुवेल : ...मी जातो.