नाक, कान आणि ‘काही नाही’

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश महोदय. वेळात वेळ काढून आलेल्या आमच्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाई. तुंबलेलं मोकळं करण्याचा उद्योग करणाऱ्या आमच्या लहानशा कंपनीतले सर्व कारागीर. ज्यांच्या मोऱ्या आणि बेसिनं आम्हांला त्यांच्या चेहऱ्यांपेक्षा जास्त ओळखीची आहेत असे सर्व ग्राहक. समोर पहिल्याच रांगेत बसून माझ्यावर लक्ष ठेवणाऱ्या वहिनी आणि आमची मंडळी. आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत ते माझे मेहुणे, माझे भागीदार. सर्वांना नमस्कार.

सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझं लक्ष मधूनमधून मागे जाईल. या मंचामागे हात धुवायची खोली आहे आणि तिथलं बेसिन मघापासून ढेकरा देतंय. तुम्हांला ऐकू येत नसेल. मला येतं. आम्ही जिन्याखालच्या खोलीत वाढलो, सगळ्या इमारतीचं सांडपाणी माझ्या उशाजवळून जायचं. कुणाच्या मोरीत केस अडकलेत आणि कुणाच्या स्वयंपाकघरात तूप गोठलंय, हे मी पडल्या पडल्या सांगायचो. त्याच कानांवर पुढे धंदा उभा राहिला.

पण नुसत्या कानांवर धंदा चालत नाही. नाक लागतं. ते मेहुण्यांचं. आमची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली: कुठे तुंबलंय ते मी ऐकायचं, आणि आधी काय ओतलंय ते त्यांनी हुंगायचं.

आता तुम्ही म्हणाल, हुंगायचं कशाला? विचारा की! अध्यक्ष महोदय, आपण आयुष्यभर साक्षी घेतल्या. आपणच सांगा, दारात उभं राहून ‘आधी काय ओतलंत?’ असं विचारलं की माणूस काय म्हणतो? ‘काही नाही.’ सगळे तेच म्हणतात. आपणही म्हणाला होतात. (हसा, हसा. साहेबही हसतायत.)

या ‘काही नाही’चे तीन प्रकार आहेत. पहिला पटकन येतो, सरळ येतो. तो खरा. दुसऱ्यात मध्ये श्वास असतो: ‘काही... नाही.’ म्हणजे एक बाटली ओतलेली आहे. आणि तिसरा रागावून येतो: ‘अहो, काही नाही हो! तुम्ही तुमचं काम करा की!’ म्हणजे ॲसिडही ओतलंय, आणि त्याने भागलं नाही म्हणून वरून ब्लीचही. या दोघांची गाठ पडली की जो वायू निघतो तो माणसाची छाती जाळतो. तिथे कारागिरी चालत नाही. खिडकी उघडायची, बाहेर पडायचं, दार ओढून घ्यायचं.

...जरा थांबा हं. नाही, काही नाही. म्हणजे बेसिनच आहे. पाणी टाकलं वाटतं कुणीतरी.

तर, मुद्दा निरोपाचा. मेहुण्यांना हा निरोप मान्य नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. ‘दाजी, फुलं घेईन, पण पिशवी देणार नाही,’ या अटीवर ते आलेत. हत्यारांची पिशवी बरोबर आणलीय, खुर्चीखाली ठेवलीय. मी ती का मागतोय, ते मी सांगू नये. पण वहिनींनी सकाळीच बजावलंय, ‘दाजी, आज चारचौघांत बोलाच. मी बोलले की हे पेपर तोंडासमोर धरतात.’ तेव्हा बोलतो.

मागच्या हिवाळ्यात एका घरी न्हाणीघर तुंबलं. बाई म्हणाल्या, ‘अहो, काही नाही हो!’ तिसरा प्रकार. मी मेहुण्यांकडे पाहिलं. ते जाळीवर वाकले, हुंगलं, आणि म्हणाले, ‘साफ आहे.’ माझा कान म्हणत होता की भोकात काहीतरी चरचरतंय. पण नाक साफ म्हणतंय म्हटल्यावर मी कोण? तेवढ्यात दारातच माझ्या घशाला आग लागली, आणि हे अजून वाकलेलेच! कॉलर धरून ओढलं. बाईंना, त्यांच्या सासूबाईंना, सगळ्यांना जिन्यात काढलं. म्हटलं, ‘तुम्हांला वास नाही आला?’ म्हणाले, ‘सर्दी आहे.’

पुढे एकदा मेहुण्यांच्या घरी गेलो तर दूध करपून धूर निघालेला, आणि हे शेगडीशेजारी बसून कोडं सोडवतायत. वहिनी धावत आल्या, ‘अहो, काय झालंय तुम्हांला?’

‘काही... नाही.’

दुसरा प्रकार. मी ओळखला.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. नाक गेलं ते गेलं, म्हणाल्या. मी म्हटलं, दुकानात बसा. तर म्हणाले, ‘मेल्यावर बसेन.’ परवाच मला न सांगता एका घरी जाऊन आले! एकटे! आता हा माणूस कुठल्या तरी मोरीवर वाकणार, आणि मी तिथे नसणार. मंडळी, आमच्या घरात बेल वाजली तरी मी दचकतो. मला भाषण नको, हार नको. मला फक्त ती पिशवी हवी आहे.

त्यांच्या हाताबद्दल काय बोलू? जाळी काढून, हातमोजा घालून, तारेच्या आकड्याने केसांचा बोळा असा काढतील की नळीला कळणार नाही. बेसिनच्या वरच्या, जादा पाणी जायच्या भोकात ओला फडका कोंबल्याशिवाय रबरी पंप लावणार नाहीत. खाली बादली ठेवल्याशिवाय वाकडी नळी उघडणार नाहीत. निम्म्याहून जास्त घरांत एवढंच पुरतं, बाटली लागतच नाही. पण बाटली आधीच ओतलेली असेल आणि वरून पंप मारला, तर ते पाणी सरळ डोळ्यांत...

वहिनी, उभ्या का राहिलात?

मेहुणे कुठे आहेत? आत्ता तर इथे होते. पिशवी? पिशवीपण नाही. मागे गेले! मेहुणे! अहो, कुणीतरी बघा मागे! त्या बेसिनमध्ये काय ओतलंय? सभागृहाचे व्यवस्थापक कुठे आहेत?

...आले. अध्यक्ष महोदय, बसा आपण. आले, दारात उभे आहेत, व्यवस्थापकांचा हात धरून. मागच्यांना ऐकू आलं नसेल, मी सांगतो काय म्हणाले ते. म्हणाले, ‘दाजी, माझं नाक माईकवरून वाजवून झालं असेल तर जरा इकडे कान द्या. मी वाकलो नाही. यांना विचारलं. हे म्हणतात, काही नाही. मला वास येत नाही. तुम्ही ऐकून सांगा.’

ऐकलंत ना वहिनी? ‘मला वास येत नाही.’ स्वतःच्या तोंडाने, भरल्या सभेत.

या व्यवस्थापकसाहेब, माईकजवळ या. घाबरू नका. बेसिनमध्ये आधी काय ओतलंत?

‘काही... नाही,’ म्हणतायत. आता सभागृहानेच सांगावं. कितवा?

दुसरा! सगळे शिकलात की. म्हणजे बाटली आहे. बोला, कुठली? ॲसिड, सकाळी. आणि हातात ती दुसरी, ब्लीचची? अजून नाही ओतलीत? द्या इकडे. त्या खोलीची खिडकी उघडा, दार ओढून घ्या, वर पाणीबिणी काही टाकू नका. हात धुवायचे असतील त्यांनी बाहेरच्या नळावर जावं.

मेहुणे, ही काय, पिशवी माझ्यापुढे ठेवताय? हलकी लागतेय. पंप काढून घेतलात? ‘घरच्या बेसिनला लागतो,’ म्हणे. ठेवा. पण वहिनींना विचारून लावायचा.

मंडळी, आता मला बोलवत नाही. अध्यक्ष महोदयांचे, डॉक्टरीणबाईंचे, आपणा सर्वांचे आभार. बेसिनकडे कान लावून बोलताना शब्द इकडचे तिकडे झाले असतील, ते पोटात घाला. आणि व्यवस्थेत काय उणं राहिलं असं मी दारात विचारीन, तेव्हा एवढीच विनंती: ‘काही नाही’ म्हणू नका. मला ऐकू येतं.