सुमनताईंच्या तीन गाड्या आणि खाणीचा चढ

बसून घ्या सगळे. मागे उभे आहेत त्यांनीही पुढे या, सतरंजीवर जागा आहे.

मी शीतल. बोरीवलीहून आलेय. मला माईकवर बोलायची सवय नाही. सिनेमात काम करते, पण माझं तोंड कधी दिसत नाही. हिरॉईन जिथून पडते तिथून खरी मी पडते. डुप्लिकेट म्हणतात आम्हाला. ताईंच्या मुलीने, किरणने, काल फोन केला. म्हणाली, शीतल, तू दोन शब्द बोल. मी नाही म्हटलं. मला जमणार नाही म्हटलं. पण आत्ता माझ्या आधी एक काका बोलले, ते ऐकलं आणि मला बसवेना.

काका म्हणाले, सुमनताईंना या वयात धाडसाचं वेड लागलं होतं. खाणीत गाडी उडवायला गेल्या आणि हात मोडून घेतला. काका, तुम्ही ऐकलेलं सांगितलंत, तुमच्यावर राग नाही. पण मी तिथे होते. तो हात कशासाठी मोडला ते मला माहितेय. गेल्या रविवारी सकाळी ताईंच्या छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात सगळं संपलं. आता त्या सांगायला येणार नाहीत. आणि खरं सांगू, असत्या तरी सांगितलं नसतं.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ताई माहीत आहेत त्या रिक्षांमुळे. नवरा गेला, त्याचे पाने हातात घेतले आणि मुलुंडच्या या गल्लीतल्या गाळ्यात आयुष्यभर रिक्षा दुरुस्त केल्या. त्याच गाळ्यात मागे, ताडपत्रीखाली, तीन गाड्या असायच्या. तीन चाकांच्याच, पण रिक्षा नाहीत. मोटरसायकलसारखं हँडल, पुढे एक चाक, मागे दोन, आणि टायर असे फुगलेले की पोहायला न्यावेत. वाळूत, चिखलात, डोंगरात चालवायच्या परदेशी गाड्या. चाळीस वर्षांपूर्वीच्या तरी असतील. कुणीतरी शूटिंगसाठी आणल्या होत्या, मग अंधेरीच्या एका गोडाऊनमध्ये गंजत पडल्या. ताईंनी त्या भंगारातून उचलल्या आणि एकेक करून चालू केल्या.

नावं ठेवली होती. थोरली, मधली, धाकटी.

थोरली सगळ्यात आधी बनलेली. तिला स्प्रिंग नावाची गोष्टच नाही. टायरमधली हवा हीच तिची गादी. इंजिन लहान, आवाज शिलाई मशीनसारखा. मधली नंतरची. तिला पुढे स्प्रिंग आले, ब्रेक बरे झाले. धाकटी शेवटची. पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, पाण्याचा रेडिएटर, आणि पळायला अशी की अंगठ्याने जरा रेस दाबली तर पुढचं चाक हवेत.

तुम्हाला वाटेल धाकटी सगळ्यात चांगली. मलाही वाटलं होतं. एका सिनेमात हिरॉईन अशा गाडीवरून खाणीचा चढ चढते, वर आडवी वळते आणि खाली येते, असा सीन होता. ते वळण मला घ्यायचं होतं. गाड्या ताईंच्या, म्हणून शिकवायलाही त्याच. आठ दिवस मी रोज सकाळी मुलुंडला येत होते. पहिल्या दिवशी मला धाकटीवर बसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. थोरलीवर बसवलं आणि खड्ड्याखड्ड्यातून फिरवलं. माझी पाठ मोडली. मी कुरकुर केली, तर म्हणाल्या, "थोरली प्रत्येक खड्डा तुझ्या हाडांना सांगते, म्हणून तू हळू जातेस. धाकटी सांगत नाही. तिच्यावर माणसाला वाटतं, आपल्याला येतंय."

मग जमिनीवर बसून त्यांनी मला मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांमधला दांडा, दाखवला. म्हणाल्या, रिक्षा वळते तेव्हा आतलं चाक हळू फिरतं, बाहेरचं जोरात, तशी सोय आत केलेली असते. या तिघींत ती सोय नाही. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर, एकाच वेगाने. त्यामुळे नुसतं हँडल फिरवून या वळत नाहीत, अंग टाकून वळवाव्या लागतात. अंग टाकायला जरा उशीर झाला की एक चाक उचललं. आणि पाय खाली टेकवायचा नाही, मागचं चाक पायावरून जातं. तिघींचा दोष एकच, ताई म्हणाल्या. थोरलीला पळता येत नाही म्हणून तिच्यात तो झाकून जातो. प्रत्येक पिढीत इंजिन वाढवलं, स्प्रिंग वाढवले, अ‍ॅक्सल तसाच ठेवला. पुढे तर तीन चाकांच्या अशा गाड्या बनवणंच थांबवलं आणि चौथं चाक लावलं. हे सगळं त्यांनी गाड्या उघडून उघडून शोधलं होतं.

शूटिंगचा दिवस आला. दहिसरच्या पलीकडे एक बंद पडलेली दगडाची खाण. ताई पहाटेच पोचल्या होत्या. मी गेले तेव्हा त्या चढावर चालत होत्या. पायाने खडी सरकवून बघत होत्या. खाली आल्या आणि फाईट मास्टरना, म्हणजे असे सीन बसवतात त्यांना, म्हणाल्या, वर माती सुटी आहे, वळणाला जागा कमी आहे, मुलगी थोरलीवरून जाईल. फार तर मधली. धाकटी नाही.

मास्टर हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. म्हणाले, थोरलीचा वेग कॅमेऱ्यात दिसणार नाही, धाकटीच लागेल. ताई धाकटीकडे गेल्या, पान्याने तिचा प्लग काढला, ज्याच्याशिवाय ती चालूच होत नाही, आणि मुठीत धरला.

पन्नासेक माणसं थांबलेली. ऊन चढत होतं. मास्टर ताईंना बाजूला घेऊन गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण परत आल्यावर ताईंचा चेहरा पांढरा पडला होता. नंतर कळलं, या लाईनमध्ये पुन्हा तुमची एक गाडी लागणार नाही, असं सांगितलं होतं. तरी मूठ उघडली नाही.

आता माझं ऐका. चार वर्षं मी गर्दीत पळणारी, पायऱ्यांवरून गडगडणारी मुलगी होते. पहिल्यांदा मला एकटीला सीन मिळाला होता. मला वाटलं, ही बाई माझ्या तोंडचा घास काढतेय. मी सगळ्यांसमोर गेले आणि म्हणाले, "ताई, हे माझं काम आहे. तुम्ही रिक्षा दुरुस्त करा ना. इथे कशाला लुडबुड?"

कोणी तरी हसलं. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मग प्लग परत लावला, घट्ट केला. म्हणाल्या, "बरं. आधी मी जाऊन येते. तू वळण बघ."

कुणी अडवायच्या आत किक मारली. ड्रेसवर ओढणी कमरेला बांधलेली, डोक्यावर माझं हेल्मेट. एकसष्ट वर्षांची बाई. चढ सरळ चढल्या. सीनमध्ये जेवढा वेग हवा होता त्याच्या निम्म्यानेच वर वळल्या. अंग टाकलं, वेळेवर टाकलं, मी बघत होते, काही चुकलं नाही त्यांचं. तरी वरच्या अंगाचं मागचं चाक उचललं. आधी वीतभर. मग हातभर. ताईंनी हँडल सोडलं आणि वरच्या बाजूला उडी टाकली. गाडी उलटली ती गडगडत खाली आली. एक, दोन, तीन, चार कोलांट्या. खाली येऊन मी जिथे थांबायचं म्हणून खूण केली होती त्या दगडावर येऊन आपटली. हँडल सीटमध्ये घुसलं होतं.

वर ताई उठून बसल्या आणि उजवा हात वर केला. डावा हात उचलला जात नव्हता.

मी धावले. वर पोचले तर मला म्हणतात, "चाक किती उचललं गं? मला दिसलं नाही." एवढंच विचारलं.

तो सीन झाला नाही. गाडीच उरली नव्हती. मधलीवर करू म्हणाले, मी नाही म्हटलं, हेल्मेट घातलंच नाही. मला दोन वर्षं काम मिळालं नाही, ताईंनाही नाही. डावं मनगट वाकडंच जुळलं, त्या हातात पाना नीट बसेना. किरणला ताईंनी घरी सांगितलं, पाय घसरला, आणि मीही तेच चालू दिलं. किरण, तुला खरं आज कळतंय. मला माफ कर.

दवाखान्यात मी रडत माफी मागितली होती. तर म्हणाल्या, खरंच बोललीस की, रिक्षाच दुरुस्त करते मी.

मास्टर आज इथे आलेत. नाव घेत नाही. मास्टर, खाली बघू नका. तिसऱ्या वर्षी तुम्ही ताईंना फोन केलात आणि दुसऱ्या एका सिनेमाच्या गाड्या तपासायला बोलावलंत. ताई गेल्या. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, त्या माणसाकडे कशाला जाता? म्हणाल्या, "त्या गाडीवर कुणाची तरी पोर बसणार असेल ना." त्यानंतर शेवटपर्यंत तुमची प्रत्येक गाडी त्या तपासून देत होत्या आणि त्या नाही म्हणाल्या की तुम्ही सीन बदलत होतात. हेही खरं आहे, म्हणून तेही सांगते.

आता माझं एक राहिलंय. ताई, तुमचा अपमान मी पन्नास माणसांसमोर केला आणि माफी मागितली ती दवाखान्यातल्या पडद्याआड. हे बरोबर नव्हतं. आज इथे तेवढी माणसं आहेत. त्यांच्यासमोर सांगते. ताई, माझं चुकलं होतं.

उठा सगळे. थोडा वेळ कोणी काही बोलू नका.

जय भीम, ताई.